पोलीस निघून गेल्यानंतर: पवनाकाठच्या कॅम्पवरचं एक प्रकरण

हे प्रकरण पवना धरणाच्या जलाशयाकाठचं आहे. तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर या किल्ल्यांच्या कुशीत पसरलेल्या या पाण्याभोवती ठाकूरसाई, गेव्हंडे, आंबेगाव, फांगणे अशा गावांत आज तंबूंच्या रांगाच रांगा दिसतात. पाऊस ओसरला की शनिवारी दुपारपासून मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते, ती थेट मे महिन्यापर्यंत. या पट्ट्यातल्या काही कॅम्पची रात्रीची सुरक्षा मी बघतो. जिथे हे घडलं त्या कॅम्पचं, गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही.

प्रकरण लिहून काढायचं कारण एकच. त्या रात्री भांडण मिटलं, पोलीस येऊन गेले, सगळ्यांना वाटलं की झालं, आता झोपा. आणि जीव जायची वेळ आली ती त्यानंतर. दंगा करणाऱ्या ग्रुपला गप्प कसं करायचं हे बरेच जण सांगतात. गप्प केल्यावर पुढचे दोन-तीन तास काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि पाण्याकाठच्या कॅम्पवर खरी राखण त्याच वेळेला लागते.

जागा आणि माणसं

कॅम्प उतारावर. सगळ्यात वर रस्ता आणि पार्किंग, त्याखाली स्वयंपाकघर आणि जेवणाची शेड, मग तंबूंच्या तीन रांगा. शेवटच्या रांगेपासून पाणी हाकेच्या अंतरावर. महिना जानेवारीचा, म्हणजे धरणाचं पाणी भरल्या पातळीवरून बरंच मागे सरकलेलं. पाणी सरकलं की काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळून टणक दिसतो, चार पावलं पुढे गेलं की पाय गुडघ्यापर्यंत आत. पवनेत दर हंगामात माणसं बुडतात. त्यातल्या अनेकांना पोहता येत नसतं हे खरं, पण गाळात पाय रुतला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पोहायची संधी मिळत नाही. दिवसा पाहुण्यांना हे सांगितलं जातं. रात्री अकरानंतर सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहत नाही.

पाळीवर आम्ही तिघं. मी, वर फाटकावर गावातले एक वयस्कर मामा, आणि खाली तंबूंच्या रांगांत फिरायला एक नवा पोरगा, वीस-बावीस वर्षांचा. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तासांचं वर्गातलं आणि ६० तासांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सांगितलं आहे. पण ते एजन्सीमार्फत येणाऱ्यांसाठी. कॅम्पवर बहुतेक ठिकाणी गावातलाच माणूस थेट ठेवलेला असतो, हातात बॅटरी आणि काठी देऊन. त्याला एक गोष्ट कुणीही सांगितलेली नसते: अंगावर ‘सिक्युरिटी’ लिहिलेलं जाकीट चढवलं म्हणून सामान्य नागरिकापेक्षा जास्तीचा एकही अधिकार मिळत नाही. झडती घेता येत नाही, मोबाइल हिसकावता येत नाही, कुणाला खोलीत कोंडता येत नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे कोणीही नागरिक त्या माणसाला पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. बस, एवढंच. रात्रीचा दंगा आवरताना आपल्याकडे असतात ते डोळे, वही, फोन आणि तोंड.

संध्याकाळ

नऊ जणांचा ग्रुप दोन गाड्यांतून रात्री साडेआठला आला. त्या कॅम्पवर फक्त मुलांच्या ग्रुपला, म्हणजे स्टॅग ग्रुपला, शनिवारी बुकिंग देत नाहीत. म्हणून त्यांनी दोन वेगवेगळ्या नंबरवरून, कुटुंब आहे असं सांगून बुकिंग केलं होतं. कुणाचा तरी वाढदिवस होता. येतानाच प्यायलेले होते. बुकिंगच्या टेबलावरच्या मुलाने मालकाला फोन लावला, मालक म्हणाला, आता आलेच आहेत तर घे. घेतलं. आधार कार्ड एकाचंच पाहिलं. रिकामे होते ते खालच्या रांगेतले तीन तंबू दिले, पाण्याच्या सगळ्यात जवळचे. त्यांच्या एका बाजूला आजी-आजोबा आणि दोन लहान मुलं असलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला नोकरी करणाऱ्या दोन मुली.

माझ्या मते प्रकरणाचा निम्मा भाग इथेच घडून गेला. उशिरा आलेला, प्यायलेला, खोटं बोलून आत शिरलेला ग्रुप, आणि त्याला जागा दिली ती पाण्याच्या तोंडाशी, लेकुरवाळ्या घराच्या शेजारी. तंबू कोणते रिकामे आहेत हे बघून जागा दिली. माणसं कोणती आहेत हे बघून द्यायला हवी होती. टेबलावरच्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला निर्णयाचा अधिकारच नव्हता.

मी एक केलं. दोन्ही गाड्यांचे नंबर वहीत घेतले आणि जेवताना नऊ डोकी नीट पाहून ठेवली. कोण कसा दिसतो, अंगात काय घातलंय. लाल हुडीवाला, टक्कल केलेला, चष्मेवाला, आणि ज्याच्या गळ्यात वाढदिवसाचा पट्टा होता तो. ही ओळख पुढे कामाला आली.

दहा ते अकरा

दहा वाजता कॅम्पचा स्वतःचा स्पीकर बंद झाला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. सणासुदीला सरकार काही मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देतं, पण तो साधा शनिवार होता. ग्रुपने स्वतःचा मोठा ब्लूटूथ स्पीकर काढला.

सव्वादहाला नवा पोरगा तिथे गेला. उभ्या उभ्या, बॅटरी त्यांच्या तोंडावर मारत म्हणाला, “आवाज बंद करा, नाहीतर पोलिसांना बोलवीन.” टकल्या हसून म्हणाला, “बोलव ना. नंबर देऊ का?” बाकीचे खिदळले आणि आवाज वाढला. पोरगा तसाच परत आला, कान लाल झालेले.

पोलिसांची धमकी पहिल्याच वाक्यात दिली की दुसरं वाक्य उरत नाही. फोन केला नाही तर आपण फुसके ठरतो; केला तरी लोणावळा ग्रामीण पोलीस ठाण्याची गाडी दुधिवरे खिंड उतरून यायला अर्धा-पाऊण तास धरावा लागतो, आणि तेवढा वेळ आपण त्यांच्यासमोर हात चोळत उभे. म्हणून फोन करायचा असेल तर करायचा, तो बोलून दाखवायचा नाही. शिवाय तोंडावर बॅटरी मारणं हे त्या वेळी कानफटात मारण्यासारखंच असतं. प्यायलेल्या माणसाला समोरचा दिसत नाही, फक्त उजेड दिसतो, आणि तो उजेडाला शिव्या घालतो.

मी खाली निघेपर्यंत दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. शेजारच्या कुटुंबातला बाप माणूस तंबूतून बाहेर आला आणि ओरडला. बाचाबाची झाली, कुणाच्या तरी हातातून बाटली दगडावर पडून फुटली. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या मावशी मला गाठून म्हणाल्या, “त्या दोघी पोरी माझ्यापाशी येऊन बसल्यात. त्या ग्रुपमधला एक जण त्यांच्या तंबूवर बॅटरी मारून घाणेरडं बोलला.”

मी जागेवरच ११२ ला फोन केला. महाराष्ट्रात पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन या सगळ्यांसाठी हा एकच नंबर चालतो. सांगितलं ते चार वाक्यांत: कॅम्प कुठे आहे आणि खिंड उतरल्यावर कुठे वळायचं, नऊ जण प्यायलेले, महिलांबाबत तक्रार आहे, बाटली फुटली आहे पण कुणाला लागलेलं नाही. फोन केल्याचं मामांना सांगितलं, आणखी कुणाला नाही.

मग मामांचा फोन आला, “लवकर वर या.” मालकाच्या भाच्याने गावात कळवलं होतं. पाच-सहा मोटारसायकलींवरून गावातली पोरं आली होती, तिघा-चौघांच्या हातात दांडकी.

वर गावातली पोरं, खाली ग्रुप

हा क्षण मला सगळ्यात घातकी वाटतो आणि याबद्दल या धंद्यात फारसं कुणी उघड बोलत नाही. गावकऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतल्याच पोरांनी उरलेल्या तुकड्यांवर हे तंबू उभे केलेत, आणि दर शनिवारी फुटलेल्या बाटल्या त्यांनाच वेचाव्या लागतात. वर शहरातून आलेल्याने ‘तू कोण रे सांगणारा’ असं विचारायचं, हे किती दिवस ऐकून घेणार? पण दांडकी घेऊन ती पोरं एकदा खाली उतरली असती तर पाच मिनिटांत प्रकरण फिरलं असतं. दंगा करणारे फिर्यादी झाले असते आणि गावातली पोरं आरोपी. अंधारात, उतारावर, मागे पाणी असलेल्या जागी मारामारी झाली की पळणारा पाण्याकडेच पळतो, कारण वरचा रस्ता मारणाऱ्यांनी अडवलेला असतो.

मी त्यांच्यातल्या मोठ्या पोराला बाजूला घेतलं. म्हणालो, “भाऊ, तू आलास ते बरं केलंस, मला माणसं कमीच आहेत. पण खाली कुणी उतरायचं नाही. फाटकावर थांबा, दांडकी मामांच्या खोलीत ठेवा. गाडी कुठली बाहेर गेली तर मला नंबर सांगा.” त्यांना परत जा म्हटलं असतं तर ऐकलं नसतं. काम दिलं म्हणून थांबले. आणि मामांना सांगून पोलीस पाटलांना बोलावून घेतलं. पोलीस पाटील हे पद १९६७च्या ग्रामपोलीस कायद्यातलं, गावाला मान्य असलेलं. बाहेरच्या वॉचमनने दहा वेळा सांगून जे होत नाही ते पाटील फाटकाशी खुर्ची टाकून बसले की होतं. ते आले, बसले, चहा मागवला. पोरं त्यांच्याभोवती उभी राहिली. मी निर्धास्त होऊन खाली गेलो.

ग्रुपशी बोलणं

नऊ जणांशी एकदम बोलता येत नाही. नऊ जणांसमोर एकाशी बोललं तर तो आपल्याशी बोलत नाही, मित्रांना ऐकवतो. म्हणून जोरात बोलणाऱ्याकडे जायचंच नाही. मी थोडा लांब उभा राहून बघितलं. टकल्या ओरडत होता, लाल हुडीवाला त्याला चढवत होता. पण चष्मेवाला खाली वाकून काचा गोळा करत होता. जेवणाचे पैसे त्यानेच भरले होते, हे मला आठवलं.

बॅटरी जमिनीकडे धरून, दोन हात अंतर ठेवून त्याच्याजवळ गेलो.

“दादा, बुकिंग तुमच्या नावावर आहे ना?”

“हो. का?”

“मग तुमच्याशीच बोलायला लागेल. इथे नको, जरा शेडपाशी चला. काच हाताला लागेल, राहू द्या, आमचा माणूस झाडून घेईल.”

तो आला. शेडमध्ये उजेड होता, बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. मी पण बसलो. बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा हळू आवाजात बोलतो, आणि समोरचाही.

“काका, आम्ही पण पैसे भरलेत,” तो म्हणाला.

“भरलेत ना. तंबू तुमचेच आहेत, सकाळचा नाश्ता पण आहे. आवाज मात्र दहानंतर कुणाचाच नाही, आमचा स्वतःचा पण बंद आहे. आणि आता नुसता आवाजाचा विषय राहिलेला नाही. शेजारच्या मुलींना तुमच्यातला एक जण काय बोलला, माहिती आहे तुम्हाला?”

त्याला माहीत नव्हतं. चेहरा उतरला. मी पुढे सांगितलं की वर फाटकावर गावातली मंडळी आहेत, पोलीस पाटील आहेत, मी कुणाला खाली येऊ देणार नाही, पण त्यासाठी इथला गोंधळ आत्ता थांबायला हवा. आवाज चढवला नाही आणि खोटंही काही सांगितलं नाही. त्या जागी खोटं सांगणं सोपं असतं, पण ते उघडं पडलं की पुढची रात्र आपल्या हातात राहत नाही.

मग विचारलं, “स्पीकर तुमच्या गाडीत ठेवता की मी माझ्या खोलीत ठेवू?” दोन्हींत स्पीकर बंदच होणार होता, पण निवड त्याची होती. तो म्हणाला, गाडीत. स्वतः जाऊन त्याने तो उचलला. मित्रांनी कुरकुर केली, पण वॉचमनने बंद करायला लावला असं कुणाला म्हणता आलं नाही.

त्याच दरम्यान मामांनी आजी-आजोबांच्या कुटुंबाला वरच्या रांगेत हलवलं. तिथे दोन तंबू कॅम्पच्या माणसांसाठी राखून ठेवलेले असतात, ते रिकामे केले. मोठ्या माणसांना रात्री अकराला अंथरुणं उचलायला लावणं वाईट वाटतं. आजोबा नाराज झाले आणि त्यांचं खरं होतं, हलायला हवं होतं ते दुसऱ्यांनी. पण नऊ प्यायलेल्यांना हलवण्यात वेळ गेला असता आणि नव्याने ठिणगी पडली असती. मालकाने सकाळी त्यांचे पैसे परत केले.

मुलींचा विषय मी या समझोत्यात घातला नाही. आवाजाची तडजोड वॉचमन करू शकतो. कुणी मुलींना घाणेरडं बोललं तर त्याची तडजोड करायचा अधिकार वॉचमनला नाही, मालकाला नाही आणि त्या मुलाच्या मित्रांना तर नाहीच. “माफी मागायला लावतो, विषय संपवा,” असं मालकाचा भाचा म्हणत होता. मी मावशींना विचारायला सांगितलं, कारण त्या दोघी त्यांच्याशी मोकळं बोलत होत्या: तुम्हाला काय हवंय? त्यांनी सांगितलं की तो समोर नको, माफी पण नको, पोलीस आले की आम्ही बोलू. झालं. त्यांना मावशींच्या खोलीत झोपायला जागा दिली, आणि वहीत वेळ, जागा, बोलणाऱ्याचा अंगातला कपडा आणि ऐकणाऱ्यांची नावं लिहून ठेवली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली स्त्रीच्या शीलाचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. तक्रार करायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. आपलं काम त्यांचा पुरावा जपायचं.

पोलिसांची गाडी पावणेबाराला आली. मुलींचं म्हणणं ऐकून घेतलं, लाल हुडीवाल्याला बाजूला घेऊन नाव-पत्ता घेतला आणि सकाळी ठाण्यात हजर राहायला सांगितलं. बाकीच्यांना चांगलं झापलं. सव्वाबाराला गाडी गेली. पाटील उठले, गावातली पोरं घरी गेली. कॅम्प शांत झाला.

साडेबारानंतर

अशा वेळी पाळीवरचे लोक शेकोटीशी टेकतात. दोन तास ताणलेलं अंग सैल पडतं, आणि माझाही जीव चहासाठी कासावीस झाला होता. पण माझा एक नियम आहे: भांडणानंतर पाऊण तासाने पुन्हा डोकी मोजायची. कारण साधं आहे. भांडणात कुणीतरी हरतो. ज्याने चढवलं त्याला मित्र शिव्या घालतात, ज्याच्या नावाने पार्टी होती त्याची पार्टी बिघडते. तो माणूस प्यायलेला असतो, लाजलेला किंवा चिडलेला असतो, आणि त्याला तिथून उठून कुठेतरी जायचं असतं. पवनेकाठी जायला दोनच जागा आहेत. खाली पाणी, किंवा वर गाडी.

तंबूंपाशी गेलो तर आठच जण दिसले. गळ्यात पट्टा असलेला, वाढदिवसवाला नव्हता. मित्रांना विचारलं, म्हणाले झोपला असेल. तिन्ही तंबू उघडून पाहिले, नव्हता. लाल हुडीवाल्यावर पोलिसांचं झालं ते याच्या वाढदिवसामुळे झालं असं टकल्या त्याला बोलला होता, आणि तो “येतो” म्हणून उठून गेला होता. केव्हा, ते कुणाला सांगता येईना.

नव्या पोराने सगळ्यात आधी चपला पाहिल्या. काठावर, गाळ सुरू होतो तिथे, नीट जोडून ठेवलेल्या. पुढे पंधरा-वीस फुटांवर तो होता. मांडीपर्यंत गाळात, कमरेला पाणी, आणि निघायची धडपड करत करत पुढेच सरकत होता. आवाज येत नव्हता, ओरडायचं भानच नव्हतं.

पोरगा बूट काढून आत शिरणार तेवढ्यात मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. गाळात अडकलेल्या माणसाकडे दुसरा माणूस चालत गेला की दोघं अडकतात. प्यायलेला माणूस घाबरला की मिठी मारतो, आणि ती सोडवता येत नाही. आधी बोलायचं, मग लांबून काहीतरी पुढे करायचं, मग फेकायचं, मग होडी. पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, तेही लाइफ जॅकेट घालून आणि कमरेला दोर बांधून.

काठावरच्या खांबाला दोर आणि वीस लिटरचा पाण्याचा रिकामा जार टांगलेला होता, झाकण घट्ट लावून, मुठीला दोराची गाठ मारून. लाइफ रिंग नसली तरी असा जार माणसाला तरंगत ठेवतो, आणि तो सहज फेकता येतो. मी बॅटरी त्याच्या चेहऱ्यावर न मारता त्याच्या पुढच्या पाण्यावर धरली आणि हाका मारल्या, “दादा, इकडे बघ. पाय उचलू नकोस. मागे बस, खुर्चीत बसतोस तसा.” दुसऱ्या फेकीला जार त्याच्या हाताला लागला. गाळातून पाय सरळ वर ओढला की आणखी चोखला जातो. मागे रेलून अंगाचं वजन पसरलं की सैल होतो. आम्ही दोर नुसता ताणून धरला, ओढला नाही. तो मागे रेलला, एक पाय सुटला, मग दुसरा. मग तिघांनी मिळून ओढून काढला.

बाहेर काढल्यावर थंडी. अंग भिजलेलं, वारा, जानेवारीतली मावळातली रात्र. दारूने अंगाला ऊब आल्यासारखं वाटतं, पण कातडीकडे रक्त धावल्यामुळे शरीर उलट लवकर गार पडतं. ओले कपडे उतरवून, पुसून, दोन गोधड्यांत गुंडाळलं. मित्र त्याला ‘एक पेग’ द्यायला निघाले होते, तो मी हिसकावला नाही, फक्त सांगितलं की दिलात तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी लागेल. मग एक जण बार्बेक्यूची पेटती शेगडी उचलून तंबूत न्यायला निघाला. ती मात्र मी अडवली. बंद तंबूत कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. ऊब द्यायच्या मायेने लोक मित्राला मारतात.

त्याला शेडमध्येच, उजेडात, डाव्या कुशीवर झोपवलं. उताणा झोपलेला प्यायलेला माणूस उलटी झाली तर गुदमरतो. चष्मेवाला त्याच्या उशाशी बसला. त्याला श्वास मोजायला शिकवलं: मिनिटाला आठच्या खाली गेले, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडलं, किंवा चिमटा काढून जागा होईना, तर मला न विचारता १०८. मी दर पंधरा मिनिटांनी येत राहिलो. तीनच्या सुमाराला त्याने पाणी मागितलं, घरचा फोन नंबर बरोबर सांगितला, मग मला जरा हायसं वाटलं.

गाडी

तीन वाजताच टकल्या किल्ली घेऊन पार्किंगमध्ये गेला. त्याला घरी जायचं होतं. मामांनी संध्याकाळीच त्यांच्या दोन्ही गाड्यांपुढे कॅम्पची पिकअप लावून ठेवली होती, शनिवारी उशिरा आलेल्या गाड्यांना ते तशीच जागा देतात. मामांनी सांगितलं, “पिकअपचा ड्रायव्हर झोपलाय, उठवतो, बसा दहा मिनिटं, चहा घ्या.” त्याने चहा घेतला. मामा त्याच्याशी त्याच्या आईवडिलांबद्दल बोलत बसले. साडेतीनला तो गाडीतच मागच्या सीटवर झोपला.

यावर एकाने मला विचारलं होतं की सरळ फाटकाला कुलूप का लावत नाही. कारण कुणाला जाऊ न देणं हा वॉचमनचा अधिकार नाही, आणि आग लागली किंवा रुग्णवाहिका आली तर कुलूपबंद फाटक जीव घेईल. वेळ काढायचा, बोलायचं, बसवायचं. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे, हेही सांगायचं. एवढं करून निघालाच तर ११२ ला गाडीचा नंबर आणि दिशा कळवायची. दुधिवरे खिंडीतली वळणं शुद्धीतल्या माणसालाही रात्री सांभाळून घ्यावी लागतात.

नंतर

सकाळी ते नऊही जण गेले. लाल हुडीवाला ठाण्यात गेला, मुलींनी लेखी तक्रार दिली, मी माझी वही दाखवली. वाढदिवसवाल्याच्या वडिलांचा दुपारी फोन आला, बराच वेळ ते बोलू शकले नाहीत.

कॅम्पवर काही गोष्टी बदलल्या. रात्री आठनंतर नवीन माणूस घ्यायचा असेल तर पाळीवरच्या माणसाला विचारल्याशिवाय घेत नाहीत, आणि ओळखपत्र प्रत्येकाचं बघतात. खालची रांग उशिरा येणाऱ्यांना मिळत नाही. गाळाच्या कडेला बांबू आणि दोरी लावली, त्यावर रात्रभर जळणारे दोन दिवे. मावशींना शनिवारी रात्री थांबण्याचे वेगळे पैसे मिळतात, कारण महिला पाहुण्यांना तक्रार सांगायला एक बाई हवीच. नव्या पोराने आता बॅटरी जमिनीकडे धरायची सवय लावून घेतली आहे. चपला त्याने पाहिल्या, हे मी मालकाला मुद्दाम सांगितलं, आणि मालकाने त्याचा पगार वाढवला.

जे झालं नाही ते असं. स्टॅग ग्रुप अजूनही दोन नंबरवरून बुकिंग करतात आणि हंगाम मंद असला की घेतले जातात. पाण्यातला माणूस काढायला आजही लोणावळ्याहून ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाच्या लोकांना यावं लागतं. ते धावून येतात, जिवावर उदार होऊन येतात, पण खिंडीपलीकडून यायला लागणारा वेळ त्यांच्याही हातात नाही, आणि पुष्कळदा त्यांच्या वाट्याला मृतदेहच येतो. म्हणून या काठावरच्या कॅम्पवाल्यांपुढे मी मागणी ठेवली आहे: शेजारच्या पाच-सहा कॅम्पनी मिळून एक इंजिनाची होडी, चार लाइफ जॅकेट आणि पोहण्यात तरबेज असलेला गावातला एक माणूस शनिवारी रात्रभर तयार ठेवावा, खर्च वाटून घ्यावा. दोन मालक हो म्हणाले आहेत. बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.